मुखवटा कोणासमोर आणि किती वेळ

गेल्या महिन्यात लालबागमधली सहा मुले-मुली माझ्याकडे आली होती. त्यांची चाळ पुनर्विकासासाठी पाडली त्याला बारा वर्षे झाली, करारात लिहिलेली ताब्याची तारीख उलटून गेल्याला आता नऊ वर्षे होतील, विकासकाने पर्यायी जागेचे भाडे देणे केव्हाच थांबवले आहे, आणि जिथे चाळ उभी होती तिथे पत्र्याच्या कुंपणाआड दर पावसाळ्यात तळे साचते. अर्ज, निवेदने, सुनावण्या, नेत्यांच्या भेटी असे सगळे करून झाल्यावर त्यांनी एक वेगळी कल्पना काढली होती. विकासकाच्या लेटरहेडसारखे हुबेहूब लेटरहेड तयार करायचे, त्यावर ‘अमुक दिवशी सकाळी अकरा वाजता चावीवाटप’ असे पत्र छापायचे, ते रहिवाशांच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि वार्ताहरांकडे एकाच वेळी सोडायचे, आणि कॅमेरे जमले की विकासकाला सर्वांसमोर कबूल करायला लावायचे, की चाव्या नाहीत आणि इमारतही नाही. ‘काका, एक दिवस खोटे बोलायचे आणि नऊ वर्षांचे खोटे उघडे पाडायचे,’ असे त्यांच्यातली एक जण म्हणाली.

कल्पना हुशारीची होती आणि तिच्यामागचा संताप मला परका नव्हता. तरीही मी त्यांना हे करू नका असे सांगितले आणि मग रात्री उशिरापर्यंत आमचा वाद चालला. बनावट पत्र करणे हा गुन्हा आहे, हा मुद्दा मी काढला नाही. तो त्यांना ठाऊक होता, आणि १९३० साली वडाळ्याच्या मिठागरांवर चालून गेलेल्या मुंबईकरांनीही कायदाच मोडला होता. प्रश्न असा होता, की बनाव रचून सत्तेला किंवा पैसेवाल्यांना कोंडीत पकडणे हा निषेधाचा मार्ग खरोखर उपयोगी पडतो का, आणि पडत असेल तर कोणत्या अटींवर.

हा मोह आज का वाढला आहे, हे आधी समजून घ्यायला हवे. एके काळी या शहरातला मोर्चा काळ्या घोड्यापर्यंत जात असे आणि रस्त्यावरचा प्रत्येक माणूस तो पाहत असे. आता मोर्चा म्हणजे आझाद मैदानाचा नेमून दिलेला कोपरा. तिथे आठवडाभर उपोषणाला बसलेल्या माणसाकडे समोरून सीएसएमटीला धावणारे हजारो लोक मान वळवूनही पाहत नाहीत. अधिवेशन सुरू झाले की विधानभवनाच्या पायऱ्यांवर आमदार कांद्याच्या माळा घालून उभे राहतात, कारण कॅमेऱ्याला माळ दिसते, मागणी दिसत नाही. ज्यांच्याकडे ना आमदारकी आहे ना पैसा, त्यांनी लक्ष वेधून घ्यायला काहीतरी युक्ती शोधावी यात नवल नाही. माझा आक्षेप युक्तीला नाही. थट्टा आणि बनाव या दोन गोष्टी आपण एकाच पिशवीत घालतो, आक्षेप त्याला आहे.

बनावाचे सर्वांत गाजलेले उदाहरण आपल्याच देशातल्या दुःखाशी जोडलेले आहे. भोपाळच्या वायुकांडाला ३ डिसेंबर २००४ रोजी वीस वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी बीबीसी वर्ल्ड वाहिनीवर डाऊ केमिकल कंपनीचा प्रवक्ता म्हणून एक गृहस्थ आला. ज्या कंपनीच्या कारखान्यातून वायू सुटला ती युनियन कार्बाइड डाऊने २००१ मध्ये विकत घेतली होती. या प्रवक्त्याने जाहीर केले, की कंपनी भोपाळची संपूर्ण जबाबदारी स्वीकारत आहे, युनियन कार्बाइड मोडीत काढून येणारे १२ अब्ज डॉलर पीडितांच्या भरपाईसाठी आणि जागेच्या स्वच्छतेसाठी दिले जातील. १९८९ च्या तडजोडीत मिळालेली रक्कम ४७ कोटी डॉलर होती, हे लक्षात घेतले म्हणजे या घोषणेचा आवाका कळतो. तो गृहस्थ प्रवक्ता नव्हता. ‘द येस मेन’ या अमेरिकी जोडगोळीतला तो एक होता. काही तासांत बनाव उघड झाला, तोपर्यंत जर्मनीतल्या बाजारात डाऊचा समभाग घसरला होता, आणि नंतर तो सावरलाही.

या बनावाच्या बाजूने जे सांगितले जाते ते वजनदार आहे. त्या दिवशी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत भोपाळचा विषय आला, एरवी तो कदाचित आला नसता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंपनीला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले, की आम्ही असे काहीही देणार नाही. एखादी कंपनी न्यायाने वागली तर बाजार तिला शिक्षा करतो, हेही लोकांना डोळ्यांनी दिसले. हे सगळे मला मान्य आहे. पण त्याच दिवशी ही बातमी भोपाळमध्येही पोचली, आणि वीस वर्षे औषधाच्या आणि भरपाईच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांपैकी काहींनी ती खरी मानली. बनाव रचणाऱ्यांचे लक्ष्य डाऊ होती, प्रेक्षक पाश्चात्त्य जग होते, आणि ज्यांच्या नावाने हे चालले होते त्यांना आधी कोणी विचारले नव्हते. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. त्याचा दोष त्या बनावावर टाकणे अन्यायाचे होईल. मात्र त्या एका दिवसाने भोपाळच्या लढाईची एकही पायरी चढली गेली नाही, हेही तितकेच खरे आहे. जी काही चढली गेली ती वर्षानुवर्षे दर जयंती-पुण्यतिथीची वाट न पाहता दिल्लीपर्यंत पायी जाणाऱ्या, न्यायालयात हेलपाटे घालणाऱ्या बायकांनी चढली.

त्या तरुणांना मी भोपाळच्या आधी एक माझी स्वतःची गोष्ट सांगितली. ती मी फारशी कोणाला सांगत नाही.

१९९७ च्या पावसाळ्यात आम्ही चौघांनी अगदी हाच बनाव केला होता. शिवडीची एक इमारत रिकामी करून तिथल्या रहिवाशांना उपनगरातल्या संक्रमण शिबिरात हलवले होते आणि काम जोत्यापाशी अडले होते. आम्ही चावीवाटपाचे पत्र टंकलिखित केले, झेरॉक्स काढल्या आणि रात्री शिबिराच्या जिन्यांत चिकटवल्या. खळीचा डबा माझ्या हातात होता. आमचा हिशेब असा, की लोक येतील, चिडतील, दोन वार्ताहर फोटो काढतील आणि विकासक अडचणीत येईल. लोक आले. सगळ्यांत आधी एक काकू आल्या, पहिल्या लोकलने. त्यांच्या एका हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेले देव्हाऱ्यातले देव होते आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीत वातींचा स्टोव्ह, एक लहान पातेले आणि अर्धा लिटर दूध. नव्या घरात पाऊल टाकले की दूध उतू घालवायचे असते, म्हणून. आम्ही पुढे होऊन त्यांना खरे काय ते सांगितले. त्या आमच्यावर ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी जोत्यातून वर आलेल्या गंजक्या सळयांकडे पाहिले आणि एवढेच विचारले, ‘मग हे दूध आता कुठे तापवू?’

बातमी आली, तीन बोटे लांबीची. विकासकाने ‘काही समाजकंटकांनी रहिवाशांची दिशाभूल केली’ असे पत्रक काढले आणि त्या पत्रकात, दुर्दैवाने, खोटे काहीच नव्हते. खरे नुकसान पुढे दोन महिन्यांनी झाले. संबंधित कार्यालयात खरीखुरी सुनावणी लागली, तिची नोटीस आमच्याच समितीने त्याच जिन्यांत लावली, आणि ठरल्या वेळी अकरा माणसे आली. आधीच्या सभांना दीडशे येत. जो तो विचारत होता, ‘हे तरी खरे आहे का?’ तो प्रश्न आम्हीच त्यांच्या तोंडात घातला होता.

बनावाविषयी माझे जे मत आहे ते त्या अकरा माणसांकडे पाहत तयार झाले. ज्याच्याकडे पोलीस नाहीत, पैसा नाही आणि सही-शिक्का नाही, त्याच्याकडे एकच भांडवल असते, ते म्हणजे तो म्हणाला तर लोक विश्वास ठेवतात. बनाव हे भांडवल मोडून खातो. विकासक खोटे बोलला तरी त्याच्याकडे जमीन उरते. रहिवाशांची समिती एकदा खोटे बोलली की तिच्याकडे काहीच उरत नाही.

यावर त्या मुलांनी जे उत्तर दिले ते मराठी माणूस देईलच असे उत्तर होते: मग गनिमी कावा काय होता? १६६६ साली आग्र्याहून सुटताना महाराजांनी आजारपणाचे सोंग केले, मिठाईचे पेटारे बाहेर धाडले, त्याला आपण फसवणूक म्हणत नाही. खरे आहे. पण तिथे फसला तो बादशहा आणि त्याचे पहारेकरी. रयतेला कोणी फसवले नाही. हाच फरक मुंबईतच १९४२ साली अधिक स्पष्ट दिसतो. उषा मेहता आणि त्यांचे साथीदार ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरमध्ये पकडले जाईपर्यंत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते. ‘भारतात कुठूनतरी’ बोलत आहोत असे सांगून ते जागेचा पत्ता लपवत, या इमारतीतून त्या इमारतीत यंत्रे हलवत, पोलिसांना हुलकावणी देत. पण त्या लपवलेल्या जागेवरून ऐकू येणारी बातमी खरी होती. आष्टी-चिमूरला काय घडले हे सरकार दडपत असताना लोकांना ते त्या रेडिओवरून कळत होते. त्या रेडिओने एखाद्या रात्री ‘इंग्रज निघून गेले’ अशी लोणकढी थाप मारली असती तर दुसऱ्या दिवशी तो कोणी ऐकला असता का? लपणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे, आणि सत्तेला चकवणे आणि लोकांना चकवणे यांत त्याहून मोठा फरक आहे. गांधीजी तर लपण्याच्याही विरोधात होते. दांडीला निघण्यापूर्वी, २ मार्च १९३० रोजी, त्यांनी व्हाइसरॉय आयर्विनला पत्र लिहून आपण काय करणार आहोत ते कळवून टाकले होते. तेवढी उंची प्रत्येक चळवळीला जमेल असे मी म्हणत नाही.

लोकांना थोडा वेळ फसवण्याचा एक प्रकार मात्र मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तो महाराष्ट्रानेच घडवला आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे चमत्कारांचे कार्यक्रम मी शाळेच्या सभागृहांत पुष्कळ पाहिले. त्यांतला एक आठवतो. भगवे उपरणे घेतलेला माणूस मंचावर येतो, समोरच्या छोट्या कुंडात समिधा रचतो, डोळे मिटून काहीतरी पुटपुटतो आणि पळीने त्यावर तूप सोडतो. काडी नाही, निखारा नाही, आणि तरी काही क्षणांत धूर येऊन ज्वाळा उठते. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन बायकांचे हात आपोआप जोडले जातात. दहाच मिनिटांत तो उपरणे काढून घडी घालून बाजूला ठेवतो आणि सांगतो, की तो बुवा नाही, विज्ञानाचा शिक्षक आहे, समिधांखाली पोटॅशियम परमँगनेटची पूड होती आणि पळीत तूप नव्हते, ग्लिसरीन होते. मग तो हात जोडलेल्यांपैकीच एकीच्या मुलाला वर बोलावतो आणि त्याच्या हातात पळी देतो.

इथे फसवणूक आहे, पण ती फसलेल्याला रिकाम्या हाताने घरी पाठवत नाही. पुढच्या वेळी खरा भोंदू समोर आला तर त्याला ओळखण्याची दृष्टी ती देते. मुखवटा घालणारा स्वतःच, त्याच सभेत, त्याच लोकांसमोर तो काढतो. उघडे पाडले जाण्याची तो वाट पाहत नाही. आणि हे करणाऱ्यांनी याची किंमत स्वतः मोजली. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटत होते तो त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये झाला. पण कायदा मंचावरच्या ज्वाळेमुळे झाला नाही. गावोगावच्या शाखा, मसुद्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या, आमदारांच्या भेटी, हे सगळे त्या ज्वाळेमागे उभे होते.

किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मला निर्णायक वाटतो. जानेवारी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात एका पर्यावरण कार्यकर्त्याने एका बड्या बँकेच्या नावाने खोटे पत्रक काढले, की व्हाइटहेवन या कोळसा कंपनीचे १.२ अब्ज डॉलरचे कर्ज बँकेने मागे घेतले आहे. कंपनीचे बाजारमूल्य काही काळ ३१ कोटी डॉलरहून अधिक घसरले. घसरणीत घाबरून समभाग विकणाऱ्यांत साधे गुंतवणूकदार होते. समभाग सावरला तोपर्यंत त्यांचे पैसे गेलेले होते, कंपनीचे काहीच गेले नव्हते. याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या यूटा राज्यातले आहे. तिथे १९ डिसेंबर २००८ रोजी सरकारी जमिनींच्या तेल-वायू हक्कांचा लिलाव चालू असताना टिम डीक्रिस्टोफर नावाचा विद्यार्थी आत गेला, त्याला बोली लावण्याची ७० क्रमांकाची फळी मिळाली, आणि खिशात पैसे नसताना त्याने सुमारे १८ लाख डॉलरच्या बोली लावून १४ पट्टे जिंकले. हाही बनावच होता. पण विचारताक्षणी त्याने आपण कोण आणि हे का केले ते सांगून टाकले. पर्यावरण संघटनांचा दावा न्यायालयात होताच. फेब्रुवारी २००९ मध्ये नव्या सरकारने त्या लिलावातले ७७ पट्टे रद्द केले. २०११ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याने ती भोगली. त्याच्या बनावात एकाही गरीब माणसाचे दूध फुकट गेले नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी १९९७ मध्ये आम्हाला कळणे शक्य नव्हते. तेव्हा खोटे पत्र ही दुर्मीळ वस्तू होती. आज आपण खोट्या पत्रांच्या पुरात राहतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. १४ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदी वाढल्याच्या दिवशी, गाड्या सुटणार अशा वावड्यांवर विसंबून वांद्रे स्थानकाबाहेर मजुरांची गर्दी लोटली आणि शेवटी पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या. ज्या मार्गाने ही वावडी फिरली त्याच मार्गाने आपले ‘चांगल्या हेतूचे’ खोटे पत्रही फिरणार. पाठवणाऱ्याचा हेतू पत्राबरोबर पुढे जात नाही. वीस वेळा फॉरवर्ड झालेल्या पत्राचा खुलासा वीस जणांपर्यंत पोचत नाही. आणि उद्या याच तरुणांच्या हाती माहिती अधिकारातून एखादा खराखुरा, विकासकाला आणि अधिकाऱ्यांना गोत्यात आणणारा कागद लागला, तर समोरचा शांतपणे म्हणेल, ‘यांनी मागेही बनावट पत्र काढले होते.’ २०१० मध्ये कुलाब्याच्या आदर्श इमारतीचे प्रकरण मुख्यमंत्र्यांच्या राजीनाम्यापर्यंत गेले, त्यात कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात मिळवलेल्या कागदांचा मोठा वाटा होता. ते कागद चालले, कारण ते खरे होते आणि ते खरे नाहीत असे कोणाला म्हणता आले नाही.

मग थट्टेचे काय? उघडपणे करावी, आणि भरपूर करावी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्या महागाई प्रतिकार समितीने मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी आणि थाळ्या घेऊन हजारो बायका उतरवल्या. लाटणे हे हत्यार नाही हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणूनच त्याच्यासमोर काय करावे हे सरकारला कळत नव्हते. सर्बियातल्या बेलग्रेडमध्ये ओत्पोर या विरोधक संघटनेच्या मुलांनी सत्ताधीश मिलोशेविचचा चेहरा रंगवलेले पिंप रस्त्यात ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यावर दांडका हाणायला दिला. पोलीस आले, पकडायला कोणी सापडेना, म्हणून त्यांनी पिंपच उचलून नेले. तो फोटो देशभर पाहिला गेला. यात कोणीही कोणाला खोटे सांगितले नाही. सत्तेला मात्र दोनच वाटा उरल्या, गप्प बसणे किंवा हास्यास्पद होणे. आणि २००० च्या ऑक्टोबरमध्ये मिलोशेविच सत्तेवरून गेला तो पिंपाने नव्हे, गावोगाव मतदार बाहेर काढणाऱ्या आणि मतमोजणीवर पहारा ठेवणाऱ्या संघटनांनी घालवला.

त्या रात्री वाद संपताना मी मुलांना त्यांचा नोंदणीकृत करारनामा मागितला. तिसऱ्या की चौथ्या पानावर ताब्याची तारीख होती, खाली विकासकाची सही होती. खोटे पत्र करायची गरजच काय, असे मी म्हटले, इतके चांगले पत्र त्याने स्वतःच लिहून दिले आहे. पुढची कल्पना त्यांची आहे. त्या तारखेला नऊ वर्षे पूर्ण होतात त्या दिवशी पत्र्याच्या कुंपणासमोर ते पान आठ फूट उंच फ्लेक्सवर लावायचे, आणि चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाने स्टोव्ह, पातेले आणि दूध घेऊन येऊन, आपली खोली जिथे होती त्या दिशेला तोंड करून, रस्त्याच्या कडेला दूध उतू घालवायचे. घर नाही हे माहीत असताना. पोलीस ठाण्यात कळवले आहे. पत्रिका छापून झाली आहे आणि निमंत्रक म्हणून सहाही जणांची नावे तिच्यावर आहेत. पहिली प्रत त्यांनी विकासकाच्या कार्यालयात नेऊन दिली आणि तिची पोच घेतली.